पालथा गुंड

नंदनवन, नागपूर
दि. १८ मार्च २०२५

चि. दीक्षा हिस,
मोठ्या आईचे अ. आ. व जय भीम.

तुझं पत्र मिळालं. पाकीट जावईबापूंनी चिकटवलेलं दिसतं. एवढा डिंक आम्ही शाळेत पहिलीच्या पोरांना वर्षभर पुरवत होतो. मी बरी आहे. कान होते तसेच, म्हणजे नाहीतच. मशीन लावलं की शिट्ट्या ऐकू येतात आणि माणूस येत नाही, म्हणून ते कपाटात ठेवून दिलं. तू मोबाईलवर लिहीत जा म्हणतेस, पण त्या मुंग्या मला दिसत नाहीत. जन्मभर पोरांकडून वळणदार अक्षर गिरवून घेतलं, आता म्हातारपणी अंगठ्यानं लिहिणं होणार नाही. आपलं पत्रच बरं.

इकडची बातमी म्हणजे नळाची, दुसरी कुठली असणार! नऊ तारखेपासून आपल्या लाइनला एक दिवसाआड नळ येतात, तेही भर दुपारी दोन ते पावणेतीन. गल्लीत चिटपाखरू नसतं आणि बाया दारोदार पाइप धरून उभ्या. तेवढ्यात दोन ड्रम, न्हाणीतला हौद, प्यायचं आणि कूलर. कूलर तर माणसापेक्षा जास्त पितो आणि वर गरम वारा देतो.

तुझी आई होती तोवर मला याची चिंता नव्हती. आपली एका भिंतीची दोन घरं, आणि माझी खाट त्या भिंतीला लागून. नळ आले की कौसल्या पलीकडून वरवंट्यानं तीनदा भिंत ठोकायची. मला ऐकू यायचं नाही, पण पाठीला कळायचं. ती गेल्यापासून मी दीड वाजताच स्टूल टाकून नळाच्या पाइपावर हात ठेवून बसते. पाणी यायच्या आधी पाइप थरथरतो. समोरची शोभाताई कानाशी येऊन ओरडून विचारते, की काहून वं मास्तरीण, नळाची नाडी पाहून राहिली का? म्हणू दे तिला. तिच्या घरी चार सुना आहेत पाणी भरायला.

आता खरी बातमी. कौसल्याचा पाण्याचा पितळी गुंड सापडला! ती गेली त्या दिवशीच्या गर्दीत कुणीतरी तो उचलून नेला होता. पितळेला इतवारीत मोडीचा भाव चांगला येतो, म्हणून मी आशाच सोडली होती. काल दुपारी अंगणात आले तर मधल्या बुटक्या भिंतीवर, त्याच्या नेहमीच्या जागी, पालथा ठेवलेला. नेणाऱ्याला लाज वाटली असेल. मी चिंच लावून घासला, आणि नळ आले तसा भरून, थाळी झाकून ठेवला. आम्हा जावांची रीत तुला ठाऊकच आहे. बाहेर जाणारीनं आपला गुंड भिंतीवर पालथा ठेवायचा. पालथा म्हणजे मी घरी नाही, माझंही भर. भरणारीनं तो सुलटा करून झाकायचा. पस्तीस वर्षांत तोंडानं कधी सांगावं लागलं नाही. हाताच्या सवयीनं काल भरला गेला. कुलूप लागलेल्या घरासाठी पाणी भरणारी अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन.

सोबत तिखट पाठवते, जपून वापरा. लोभ भरपूर आहे. पत्राला उशीर केलास तर त्यातून कापून घेईन.

तुझी मोठी आई,
प्रेमिला


चंद्रपूर
दि. २६ मार्च २०२५

ती. मोठ्या आईस,
दीक्षाचा सा. जय भीम, वि. वि.

पत्र आणि तिखट दोन्ही पोचलं. अंकुशनं बोटभर चाखलं, दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, की तुझ्या मोठ्या आईनं हे जावयाले खाऊ घालाले नाही, संपवाले पाठवलं. तरी रोज ताटात मागतो.

गुंडाचं वाचलं. मोठी आई, तो आईचाच आहे हे तू कशावरून ओळखलंस? त्यावर नाव आहे का? पोचा आहे का, आणि कुठे? नीट हातात घेऊन, चष्मा लावून पाहा आणि लिही. वेड लागलं का म्हणशील, पण मला हे कळायलाच हवं.

इकडे ऊन तुमच्यापेक्षा दोन घास जास्तच. आमचं पाणी बोअरचं, जड आणि मचूळ, त्यात डाळ शिजता शिजत नाही. शिवाय स्वयंपाकघरात एक भानगड झाली आहे. एक दिवसाआड संध्याकाळी कोपऱ्यात ओल दिसते. अंकुशनं पाइप तपासले, प्लंबर आणला, त्यानं फरशी ठोकून पाहिली आणि हात हलवत गेला. पाणी कुठून येतं ते कुणालाच कळत नाही.

आता कामाचं. सव्वीस मेला आईला वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आईच्याच अंगणात करायचं ठरवलं आहे, भन्तेजींशी बोलणं झालं. त्या दिवशी तू चार शब्द बोलावेस अशी माझी इच्छा आहे. बाबा गेल्यावर तिचं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यात जवळ तूच होतीस. तू तिचं पाणी कसं भरायचीस, त्या दिवशीही कसं भरून ठेवलं होतंस, तेवढं सांग. तू बोलल्याशिवाय मला कार्यक्रम करायचा नाही.

लोभ आहे तसा राहो.

तुझी,
दीक्षा


नंदनवन, नागपूर
दि. ३ एप्रिल २०२५

चि. दीक्षा हिस,
अ. आ. व जय भीम.

चष्मा लावून पाहिलं, बाईसाहेब. काठाखाली पोचा आहे. तू तीन वर्षांची असताना पायरीवरून गडगडवला होतास आणि मार मी खाल्ला, तुझ्या आजीचा. नाव आहे, आणि ते ‘कौसल्ला’ असंच आहे. तुझ्या आजीनं आम्हा दोघींना इतवारीतून सारखे गुंड आणले होते. नाव घालणाऱ्यानं माझं बरोबर घातलं आणि तिचं असं बिघडवलं. मी शिक्षिका, माझ्या डोळ्यांत खुपलं. परत नेऊन दुरुस्त करून घेऊ म्हटलं, तर तुझी आई म्हणाली, राहू द्या बाई, पाण्याले काय वाचता येते का? तेव्हापासून मी तिला कौसल्लाबाई म्हणायला लागले. असा गुंड जगात दुसरा नसेल.

पण दीक्षा, एक लिहू की नको असं चाललं आहे. गुंड मी भरते, झाकते आणि आत जाते. संध्याकाळी मोगऱ्याला पाणी घालायला बाहेर यावं तर गुंड पालथा. आतून कोरडा, झाकणाची थाळी पुसून बाजूला ठेवलेली. भिंतीवर ओघळ नाही, खाली चिखल नाही. पहिल्यांदा वाटलं कुणी प्यायला असेल, उन्हाचं कोण कुणाला नाही म्हणतं! पण प्रत्येक नळाच्या दिवशी? आणि गुंडभर?

काल तर कमाल झाली. स्टूलवर बसून कंबर दुखते म्हणून जरा खाटेवर आडवी झाले. डोळा लागला, आणि पाठीला तीन ठोके कळले. सवयीनं उठले, नळाशी गेले, पाइपाला हात लावला तर थरथर नुकतीच सुरू होत होती. एक ड्रम भरून दुसऱ्यात पाइप टाकला तेव्हा मनात आलं, की ठोकलं कुणी?

किल्ली घेऊन पलीकडे गेले. दार उघडलं. फरशीवर वर्षाची धूळ, त्यावर पाऊल म्हणून नाही, उंदराचंसुद्धा. तिचा पाटा-वरवंटा मी स्वतः पोत्यात बांधून न्हाणीत ठेवला होता. पोतं जागेवर होतं, गाठ माझीच होती. वरवंटा मात्र खोलीत भिंतीशी उभा होता, जिथे ती ठेवायची तिथे. मी जन्मात भुताखेताला मानलं नाही आणि तुम्हा पोरांनाही मानू दिलं नाही. पण खरं सांगते, मला भीती वाटली. भर दुपारी, एवढ्या उन्हात. कुलूप लावलं आणि घरी येऊन बसले.

कार्यक्रमात बोलायचं मला सांगू नकोस. बहिऱ्या माणसानं भाषण करू नये, त्याला कुठे थांबावं ते कळत नाही. कुणा शिकलेल्या माणसाला सांग.

लोभ असू दे, आणि या म्हातारीला हसू नकोस.

तुझी मोठी आई,
प्रेमिला


चंद्रपूर
दि. ११ एप्रिल २०२५

ती. मोठ्या आईस,
सा. जय भीम, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. हसले नाही. अंकुशला मात्र दाखवलं नाही, उशीखाली ठेवलं आहे.

बोलणार तूच. दुसरं कुणी नको. आणि तू बोलायच्या आधी मला एक विचारायचं आहे, वर्षभर विचारीन विचारीन म्हणत राहिले. त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास आईचा मला फोन आला होता. ती मामाकडून, उमरेडहून, परतीच्या बसमध्ये बसली होती. ऊन फार आहे, उतरल्यावर रिक्षा कर म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, की चिंता नको करू, घरी गेल्या गेल्या गार पाणी भेटते, गुंड भिंतीवर ठेवून आली. मी म्हटलं, अगं, तुम्ही दोघी तर बोलत नाही ना? तर हसली. म्हणाली, अकरा दिवस झाले, मोठी तोंड फुगवून बसली आहे, पण पाणी भरल्याशिवाय राहणार नाही. तिच्या जिभेले काटे आहेत, हाताले नाहीत.

माझ्याशी बोललेलं हे तिचं शेवटचं. मग सांग मोठी आई, गुंड भरलेला होता तर ती पारा सेहेचाळीसवर असताना बादली घेऊन विहाराजवळच्या हापशीवर कशाला गेली? तिथेच ती पडली. गार पाणी भिंतीवर सोडून माणूस हापशीवर जातं का?

राग मानू नकोस. विचारल्याशिवाय आता झोप येत नाही. कोपऱ्यातली ओल अजून येते. चौदा एप्रिलच्या गडबडीत उन्हाचं जप.

लोभ असेलच.

दीक्षा


नंदनवन, नागपूर
दि. २० एप्रिल २०२५

चि. दीक्षा हिस,
अ. आ. व जय भीम.

उत्तराला उशीर झाला, पण इकडे काय काय झालं ते ऐकलंस तर तूही समजून घेशील.

चौदा तारखेला विहारासमोर दरवर्षीसारखी पाणपोई लावली. मी दुपारपर्यंत पेले भरून देत होते. शोभाताई मदतीला आली होती. चारचौघांत तिनं माझं कौतुक सुरू केलं, की जाऊ असावी तर अशी, कौसल्या गेली तरी हिनं तिच्या नावाचं पाणी सोडलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, म्हणजे ओरडूनच, पण तिच्या मते हळू, की बाकी सर्व ठीक आहे वं मास्तरीण, पण गुंड तरी ठेवत जा ना, भिंतीवर नुसतं पाणी ओतून राहते तू. मी म्हटलं कोणत्या भिंतीवर? तर म्हणे, गच्चीवरून रोज पाहते मी, भिंतीवर काहीच नसते आन् तू पाइप धरून उभी राहते, मग हवेतच थाळी ठेवल्यासारखं करते. मी तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. पाणी ओतलं असतं तर भिंत ओली नसती झाली का? भिंत ठणठणीत कोरडी असते, हे तिलाही कबूल करावं लागलं. पण तिचा चेहरा उतरला आणि ती लवकर घरी गेली.

मीही मग ठरवलं की बस झालं. सोळा तारखेला गुंड भिंतीवर पालथा होता, पण भरला नाही. माझं माझं भरलं आणि दार लावून घेतलं. पाठीला ठोके कळत राहिले. तीन नाहीत, मोजवेनात इतके. खाट ओढून खोलीच्या मध्यावर आणली, तर फरशीतून तळपायाला कळायला लागले. तशीच चप्पल घालून विहारात जाऊन बसले. पाच वाजता घरी आले आणि दारातच उभी राहिले. घरातलं एकूणएक भांडं पालथं होतं. तांब्या, पेले, पातेली, माझा स्वतःचा गुंड, बादल्या. कूलरची टाकी. दोनशे लिटरचे दोन्ही ड्रम, जे भरलेले चार माणसांना हलत नाहीत, तेही पालथे. आणि फरशीवर पाण्याचा एक थेंब नाही.

दोन दिवस शोभाताईकडून मागून पाणी प्यायले. अठराला नळ आले तेव्हा आधी कौसल्याचा गुंड भरला, मग माझं. ठोके थांबले.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हाच सगळ्यांना दिलं होतं. मी गुंड भरून ठेवला होता. मांजरानं वगैरे सांडला असेल. त्याला मी काय करणार?

लोभ असू दे, बाळा.

तुझी मोठी आई,
प्रेमिला


(पोस्टकार्ड)

चंद्रपूर, दि. २८ एप्रिल २०२५

मोठी आई, जय भीम.
आपल्या गल्लीत मांजर कुणाकडे होतं?
सोळा तारखेला आमच्या कोपऱ्यात ओल नव्हती.

दीक्षा


नंदनवन, नागपूर
दि. ४ मे २०२५

चि. दीक्षा हिस,
जय भीम.

मांजर कुणाकडेच नव्हतं. मी गुंड भरला नाही.

लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. उलट वर्षभर मनात होतं ते आता कागदावर दिसतं आहे, वळणदार अक्षरात.

भांडण कशावरून होतं ते तुला माहीत आहे. तिचा तो टुल्लू पंप. माझ्या नळाला करंगळीएवढी धार यायची आणि मला वाटायचं, ती पंप लावून माझ्या वाटचं पाणी ओढते. मी नळाच्या वेळी सगळ्या बायांसमोर तिला पाणीचोर म्हटलं. आपल्या माणसांनी घोटभर पाण्यासाठी काय काय ऐकून घेतलं ते मी शाळेत पोरांना शिकवायची, आणि तसलाच शब्द मी माझ्या जावेला, चारचौघींत. ती पाइप गुंडाळून आत गेली. नंतर, जूनमध्ये, तो दुर्गेश इलेक्ट्रिशियन तुमचं मीटर पाहायला आला होता. त्यानं सांगितलं, की पंप तर मागच्या दिवाळीतच जळून गेला होता, कौसल्याकाकूनं दुरुस्तच नाही केला. म्हणजे ती ओढतच नव्हती. लाइनच कुठेतरी फुटलेली होती.

त्या दिवशी सकाळी ती उमरेडला निघाली तेव्हा मी खिडकीत होते. तिनं गुंड भिंतीवर पालथा ठेवला, माझ्या खिडकीकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि गेली. मला आनंद झाला, दीक्षा. वाटलं, आली ना शेवटी गरज! दोन वाजता नळ आले. मी दोन्ही ड्रम भरले, कूलर भरला, मोगऱ्याला घातलं, अंगणात सडासुद्धा टाकला. गुंड हाताच्या अंतरावर होता. मी मनात म्हटलं, आधी बोल, मग भरते.

साडेतीनच्या सुमारास मी कूलरसमोर पडले होते. पाठीला एक ठोका कळला. तीन नाही, एकच. ती आल्याचं मला समजलं. मला तेव्हाही उठता आलं असतं, माझे ड्रम काठोकाठ होते. मी कूस बदलली.

लोकांनी तिला हापशीवरून उचलून आणलं तेव्हा सोबत तिची बादली आणली. पडताना तिनं ती खाली ठेवली असावी, अर्धी भरलेली होती. कुणीतरी विचारलं, की घरी पाणी नव्हतं का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मी तर गुंड भरून ठेवला होता. एकदा निघाल्यावर ते मागे घेता आलं नाही. नंतर इतक्यांदा सांगितलं, की कधी कधी मलाच ते खरं वाटायचं.

सव्वीस तारखेला मी हे सगळ्यांसमोर सांगेन. तू नको म्हणालीस तर अंगणात पाऊलही ठेवणार नाही. मला एवढीच भीती आहे, की यानंतर तुझं पत्र येणार नाही. मला पोरबाळ नाही, तुला ठाऊकच आहे. पोस्टमन आला की मी दारात जाते ती तुझ्यासाठी.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

प्रेमिला


चंद्रपूर
दि. १३ मे २०२५

मोठ्या आईस,
जय भीम, वि. वि.

तुझं पत्र काल बुद्धपौर्णिमेला मिळालं. तुला वाटत असेल, मला हे आत्ता कळलं. तसं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी आणि अंकुश पोचलो तेव्हा तू मला पोटाशी धरून सांगत होतीस, की मी भरला होता गं, मी भरला होता. तुझ्या खांद्यावरून मला भिंत दिसत होती. गुंड पालथा होता. भरलेला गुंड कुणी पालथा ठेवत नाही, हे मला तुम्ही दोघींनीच शिकवलं.

तो कुणी चोरला नाही. मीच आईच्या साडीत गुंडाळून आणला. तेव्हापासून तो माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात पालथा ठेवला होता. काठाखाली पोचा, नाव ‘कौसल्ला’. तू म्हणतेस तसा दुसरा जगात नसेल. मग तुझ्या भिंतीवर काय येतं ते मला सांगता येणार नाही.

सतरा मार्चला मी ऑफिसातून आले तर गुंड सुलटा होता. काठोकाठ भरलेला, वर आमच्याकडची थाळी झाकलेली. घराला कुलूप होतं. मी घाबरून सगळं पाणी मोरीत ओतलं आणि गुंड पुसून पुन्हा पालथा ठेवला. एकोणीसला पुन्हा. ओल ओल म्हणून जे लिहीत होते ती माझ्याच हातून सांडायची. अंकुशला ओलच दिसायची, भरलेला गुंड मी त्याला कधी दिसू दिला नाही. पाणी आमच्या बोअरचं नव्हतं. त्याला आपल्या नंदनवनच्या नळाचा औषधाचा वास होता. गुंड सापडल्याचं तुझं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. सोळा एप्रिलला गुंड पालथाच राहिला, आणि का ते तुझ्या पत्रातून कळलं.

वर्षभर मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट पाहत होते. कार्यक्रमात बोल म्हणाले तेही त्यासाठीच. माझ्या आईच्या अंगणात उभं राहून तू खोटं बोलताना मला पाहायचं होतं, आणि मग सगळ्यांसमोर हा गुंड काढायचा होता. घरातल्या बायांचा तिखटपणा माझ्यातही उतरला आहे.

माफ केलं असं लिहायला काल तीनदा कागद घेतला. ते लिहून होत नाही. ती साडेतीनला पलीकडे पालथ्या गुंडासमोर उभी राहिली असेल, एकदा भिंत ठोकून तिनं वाट पाहिली असेल. किती वेळ पाहिली असेल, एवढंच मनात येतं. आणि तू सडा टाकला होतास.

सव्वीसला मी येईन. तुझ्याकडे उतरणार नाही, आईच्या घरात उतरेन. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी काही म्हणणार नाही. त्या दिवशीही नळ येतील. दोन वाजता वरवंटा मी ठोकेन. ऊठ.

काल पत्र वाचून झालं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. गुंड भरलेला होता. यावेळी ओतला नाही. खाली बसून तांब्यानं पाणी काढलं आणि प्यायले. गार होतं. दुसरा तांब्या घेतला, मग रडू आलं. आई म्हणायची, पाण्याले काय वाचता येते का? येतं, मोठी आई. नाव चुकलेलं असूनही ते दीडशे किलोमीटर बरोबर वाचत आलं.

गुंड सोबत आणणार नाही. तो इथेच राहू दे, नाहीतर तू भरशील ते जाईल कुठे?

लोभाचं पुढं पाहू. गुंड तेवढा भरत जा.

दीक्षा